लशीच्या गोठ्यातले मामा

“पोरीला बघाया आल्यावर पन येवढं इचारीत नाय गो, जेवढं हा मानूस रेडकाचं इचारतो,” टोकावड्याची एक म्हातारी सोबतिणीला सांगत होती. मी खिडकीच्या आत बसले होते, त्यामुळे मोठ्याने हसायची सोय नव्हती. हा माणूस म्हणजे माझे मोठे मामा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत त्यांना न वैतागलेला अधिकारी नव्हता आणि त्यांना भिणारं जनावर नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

शहापूरला तेव्हा देवीची लस तयार करायचं एक लहानसं ठिकाण होतं. लोक त्याला लशीचा गोठा म्हणत. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून रेडकं थोड्या दिवसांसाठी आणायची, पोटावरचे केस भादरून तिथे बारीक ओरखडे काढायचे आणि त्यांत देवी उठवायच्या. पाच-सहा दिवसांनी लस खरवडून घ्यायची, आणि जखमा भरल्या की रेडकू घरी पोचतं करायचं. मामा तिथले कारकून. रेडकू आलं आणि रेडकू गेलं एवढंच त्यांनी लिहावं, अशी सरकारची अपेक्षा होती. मामांनी मधले दिवसही मनावर घेतले.

ओरखडे काढताना रेडकाला एका लाकडी टेबलावर आडवं करून पट्ट्यांनी बांधत. हे पट्टे कितपत काचतात, याचा विचार करून मामांना अन्न गोड लागेना. एका दुपारी ते स्वतःच टेबलावर आडवे झाले आणि गोठ्यावरच्या म्हाताऱ्या गड्याला म्हणाले, “बांध. आणि मी कितीही ओरडलो तरी सोडू नकोस, रेडकाला तू सोडतोस का?” गड्याने बांधलं आणि तो भाकरी खायला घरी गेला. मामांना जेवायला बोलवायला मला घरून पाठवलं होतं. मी दारात पोचले तेव्हा मामा छताकडे बघत शांतपणे पडलेले आणि एक रेडकू त्यांचं धोतर चघळत होतं. गडी परत आला आणि निर्विकारपणे म्हणाला, “तुमीच सांगितलत ना, सोडाचं नाय म्हनून.” मामा त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी कागद मागवला आणि दोन नियम लिहिले. पट्ट्याखाली गोणपाटाची घडी असावी. टेबलावरचं जनावर क्षणभरही एकटं सोडू नये.

मामांचे सगळे नियम असेच कुठल्यातरी फजितीतून जन्माला आले होते. रेडकाच्या पोटावर देवी उठते हे कळल्यावर मुरबाडकडच्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या आणि त्यांनी श्रद्धेने नेमकं पोटावरच कुंकू वाहिलं. सगळी लस वाया गेली. दुसरा कोणी असता तर त्याने बायकांना फाटकातून हाकललं असतं. मामांनी नियम केला, कुंकू कपाळाला लावावं, पोटाला लावू नये. एक रेडकू एकदाच वापरायचं, हा नियम त्यांचा सर्वांत लाडका. शिवाय रेडकाच्या मालकाने वाटेल त्या दिवशी न कळवता यावं आणि आपलं जनावर हात लावून बघावं, असाही एक होता. लोक खरंच येत, बघत, मामांना दोष काढून दाखवत. मामांना त्याचा केवढा आनंद.

हे सगळं इंग्रजीत लिहून काढायचं काम माझं. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, आता शहापूरला मामांकडेच राहणारी, आणि चारचौघांत तोंड न उघडण्याबद्दल प्रसिद्ध. मामा म्हणत, “बयो, तू बोलू नकोस, नुसती लिही. बोलायला मी आहे.” माझ्या अक्षरातला तो कागद त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर लावला होता.

मामा पेन्शनीत निघायला आठवडा उरला असताना मुंबईहून डॉक्टरसाहेब तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता. त्या वर्षी देवीची साथ होती, लस कमी पडत होती, आणि तेच रेडकू पुन्हा टेबलावर घेतलं तर काम भागेल, असं त्यांचं मत होतं. भिंतीवरचा कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि ही बोर्डिंग शाळा आहे का, असं इंग्रजीत विचारलं. मामा त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगू लागले की, रेडकं हवी तेवढी मिळतील. दिलेलं जनावर धडधाकट परत येतं, म्हणून लोक विश्वासाने देतात. एकदा जरी मरतुकडं परत गेलं तर पुढे कोणी फिरकणार नाही. बोलता बोलता त्यांचे शब्द संपले. साहेब म्हणाले की नियम उत्तम आहेत, पण तुम्ही गेल्यावर ते पाळले जातात की नाही हे बघायला इथे कोण येणार आहे? मग कागद काढायला त्यांनी गड्याला खूण केली.

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते कोपऱ्यातल्या रेडकाकडे बघत उभे होते, आणि जन्मात पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले.

आता मामा नाहीत. त्यांचा आवाजही मला धड आठवत नाही, याचं वाईट वाटतं. माझाच त्या दिवशीचा आवाज तेवढा आठवतो, कापरा आणि जरा जास्तच मोठा. साहेबांशी इंग्रजीतच बोलायला हवं होतं. पण मामांना एकूण एक शब्द कळायला हवा होता, म्हणून मी मराठीत म्हणाले, “कागद राहू दे. मी येईन रोज, हात लावून बघीन.”