शेवटाच्या आधी उठणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकाही गोष्टीचा शेवट पाहिलेला नाही. वय अठ्ठावन्न, परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण कुठेही बसले की एक पाय दाराकडे. सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की मामा उठलेच, दारात चेंगराचेंगरी नको म्हणून. मंत्रपुष्पांजली सुरू व्हायच्या आत यांच्या पायात चपला. माझ्या लग्नात चौथ्या मंगलाष्टकालाच त्यांनी सगळ्या अक्षता पुढच्या माणसाच्या टकलावर रिकाम्या केल्या आणि जेवणाच्या रांगेत पहिला नंबर लावला. पुढे कधीतरी मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "जावईबापू, शेवट सगळ्यांका म्हायती असता. गर्दी मात्र दरवेळी नवीन असता."

लग्न राहिलं तेही बहुधा असंच. तरुणपणी आठ-दहा मुली पाहिल्या म्हणे, पण मुलीची आई "तुम्ही दोघं जरा बोला" म्हणाली की हे घड्याळ बघत उठायचे. मग त्यांनी त्याचं तत्त्वच करून टाकलं. चाळीतलं कोणी हिंदमाताच्या कापडबाजारात लग्नाचा बस्ता बांधायला निघालं की मामा गॅलरीतून ओरडायचे, "अजून वेळ गेली नाही, मागे फिरा!" लोक हसायचे आणि पुढे जायचे. अशा माणसाने एका शनिवारी मला फोन करून "उद्या सकाळी मल्याळम सिनेमाला चला" असं सांगितलं, तेव्हा मला आधी त्यांच्या तब्येतीची शंका आली.

भानगड सिस्टरची होती. पंधरा वर्षांपूर्वी मामांच्या आई परळच्या एका इस्पितळात शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा ज्या मल्याळी सिस्टरनी त्यांचं सगळं केलं, त्यांची ओळख नंतरही टिकली. सुट्टीच्या रविवारी त्या यायच्या, चहा घ्यायच्या, मामांचं बीपी तपासायच्या आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा मराठीत त्यांना झापायच्या. भावंडांना मार्गी लावता लावता त्याही एकट्या राहिलेल्या. आता निवृत्त होऊन मंगळवारी कायमच्या कोट्टयमला निघाल्या होत्या. सिनेमाला त्यांनीच बोलावलं होतं, आणि एकट्या बाईबरोबर जाणं बरं दिसत नाही म्हणून मामांनी मला ओढलं होतं. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. "आज त्यांना सांगतोच," ते म्हणाले. "जाऊ नका म्हणून. लग्नाचंही विचारतो."

मी मुद्दाम कडेची खुर्ची पकडली आणि मामांना माझ्या आणि सिस्टरच्या मध्ये कोंडलं. सिनेमा निघाला एका पन्नाशीच्या ब्रह्मचाऱ्याचा. त्याची खोबरेल तेलाची गिरणी, आणि त्याला बोहल्यावर चढवायला सगळं गाव टपलेलं. थिएटर हसून मोकळं व्हायचं, मग मामा खालची इंग्रजी ओळ वाचून संपवायचे आणि एकटेच हसायचे. सगळे वळून बघायचे. मला मात्र हसू येत नव्हतं. मध्यंतरात विचारायचं ठरलं होतं. मामा सामोशांच्या रांगेत जे उभे राहिले ते दिवे मालवल्यावरच परत आले. "घोळ झाला," कानात कुजबुजले. सिनेमा सुटला की सिस्टरना न्यायला त्यांची भाची बाहेर गाडी घेऊन येणार होती. म्हणजे आता फक्त शेवट उरला होता.

आणि दहा मिनिटं उरली तसे त्यांचे पाय हलायला लागले. मी माझे गुडघे समोरच्या खुर्चीला टेकवले. मामा अर्धे उठले. "मामा, बसा!" मी दबक्या आवाजात दरडावलं. जावयाने असं बोलू नये, पण बोललो. ते खुर्चीचा हात घट्ट धरून बसले, पडद्याकडे अशी नजर की ऑपरेशनच चाललंय. पडद्यावर हार पडले, टाळ्या झाल्या, दिवे लागले.

"सिस्टर," मामा म्हणाले, "जायलाच हवं का? माझ्याशी... म्हणजे आपण लग्न..."

सिस्टर उठता उठता पुन्हा बसल्या. "तुमच्या आईने हेच विचारलं होतं मला. वॉर्डात. मी हो म्हटलेलं."

"मला कोणी काहीच बोललं नाही!"

"शेवटच्या संध्याकाळी त्या तुम्हाला तेच सांगत होत्या. मी दारात उभी होते. तुम्ही मध्येच उठून निघून गेलात. मला वाटलं, ऐकून उठलात. तुम्हाला नकोय."

मामांचा हात खुर्चीवरून सुटला. "लिफ्टला गर्दी होते म्हणून उठलो," ते म्हणाले. "आईला म्हटलं, उद्या सांग."

त्याच पहाटे आई गेल्या होत्या. आमच्या मागच्या रांगा झाडायला माणूस आला तरी तिघांतलं कोणी हललं नाही. मग सिस्टर उठल्या. सामान पुढे गेलं होतं, आजारी भावाला शब्द दिला होता. मंगळवारी त्या गेल्या.

मला मामांचा फार राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. गॅलरीतून ओरडणं त्यांनी बंद केलं आहे. रविवारी सिस्टरचा फोन येतो, मामा बीपीवरून बोलणी खातात. परवा मी गेलो तेव्हा मोबाइल पुढे करून म्हणाले, "त्या बोलावतायत. भाऊही या म्हणतोय. जाऊन येऊ का?"

"जा, मामा. पण परतीचं तिकीट काढू नका."

मामा ओशाळले. परतीचं त्यांनी आधीच काढलं होतं. जायचंच काढायचं राहिलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसून जायचं काढलं, आणि परतीचं त्यांच्याच हातून रद्द करवलं.