शिंगाड्याच्या फुलामागचं काळं पाणी

पोळा होऊन आठवडा झाला असेल. लाखनीजवळच्या एका गावतलावात शिंगाड्याला फुलं आल्याचं शाळेतल्या शिपायाने सांगितलं आणि मी रविवारी दुपारी कॅमेरा घेऊन तिथे गेले. मी विज्ञान शिकवते. फुलांचे अगदी जवळून फोटो काढायचा नाद मला चाळिशीत लागला. धानाच्या बांधावरच्या नखाएवढ्या फुलांसाठी मी तासभर चिखलात पालथी पडून राहते, याचं शाळेत सगळ्यांना कौतुक होतं. मलाही होतं.

तलावात शिंगाडा लावला होता मासेमारी करणाऱ्या एका घराने. त्या घरातली साठीची मावशी काठावर भेटली. फूल दुपार कलल्यावर उमलतं आणि मग मान वाकवून पाण्यात जातं, खाली फळ धरतं, हे मला तिनेच सांगितलं. पुस्तकात मी ते कधी वाचलं नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "फूल तोडू नोका म्याडम. एक फूल म्हनजे एक शिंगाडा."

"मी हातसुद्धा लावत नाही, मावशी," मी म्हणाले.

ती डोंगा वल्हवत पलीकडच्या काठाकडे गेली. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. चार पाकळ्यांचं पांढरं फूल, मध्ये पिवळा ठिपका. पण मागे किडीने खाल्लेली पानं, त्यांच्यावर शेवाळ. कुठूनही बघितलं तरी फोटोत ती पानं येत होती. मला फुलामागे नुसतं काळं पाणी हवं होतं.

आधी मी एक पान बाजूला सारलं. ते परत आलं. मग देठ तोडला. मग मागचा वेल ओढला, तर त्याच्यात गुंतलेले आणखी चार आले, फुलांसकट. उजेड उतरत चालला होता. थांबावं असं एकदाही वाटलं नाही, हे मला आज लिहावं लागतंय. चटईएवढी जागा मोकळी झाली तेव्हा मी श्वास रोखून फोटो काढला आणि उपटलेले वेल पायाने चिखलात दाबले. मावशी परतली तेव्हा मी कॅमेऱ्याची पिशवी बंद करत होते. तिने मला काठावर बसवून चहा पाजला.

फोटो फार चांगला आला. जिल्ह्याच्या एका प्रदर्शनात तो लागला आणि तिथे मला मुलांसमोर बोलायला सांगितलं. निसर्गाला धक्का न लावता फोटो कसा काढायचा, यावर मी वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

दिवाळीनंतर त्या फोटोची मोठी प्रत घेऊन मी मावशीला भेटायला गेले. खरं सांगायचं तर तिने कौतुक करावं म्हणूनच गेले. अंगणात शिंगाडे उकडत होते. तिने हात पुसले, फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"येवढं मोकळं पानी त्या कोपऱ्यातच होतं," ती म्हणाली. "तेथचा वेल सारा उपटला होता. मले वाटलं, ढोरकीच्या म्हशी शिरल्या."

ढोरकी म्हणजे गावच्या म्हशी चारणारा म्हातारा; त्यावरून त्याला सगळ्यांनी फैलावर घेतलं होतं, असं तिने सांगितलं. म्हशी तिकडे गेल्याच नाहीत असं तो सांगत राहिला, कोणी ऐकलं नाही. त्या काठावर म्हशी नेणं त्याचं बंद झालं. आता तो त्यांना पाण्यासाठी दूरच्या नाल्यावर नेत होता.

ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. दोष दुसऱ्यावर गेला होता. त्या एका क्षणाची लाज मला उपटलेल्या वेलांपेक्षा जास्त वाटते.

मग मी सांगितलं. मान खाली घालून, तुटक तुटक. माझं संपल्यावर तिने फोटो माझ्या हातात परत दिला.

"मले कायले सांगता? त्याले सांगा."

म्हातारा पारावर बसला होता, शेजारी गावातले चारपाच जण. मावशी माझ्याबरोबर आली, पण दोन पावलं मागे थांबली. मुलांसमोर वीस मिनिटं बोललेल्या मला तिथे धड चार वाक्यं जमली नाहीत. वेल मी उपटले, म्हशींनी नाही, यांचा काही दोष नव्हता, एवढं कसंबसं बोलले. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. एकाने उलट माझ्यासाठी खुर्ची आणायला सांगितलं, म्याडम आहेत म्हणून.

म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. तो त्या लोकांकडे बघत म्हणाला, "मी दोन महिने हेच सांगून राहिलो होतो." मग काठी उचलून घराकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून म्हशी पुन्हा तलावावर यायला लागल्या, असं शिपायाकडून कळलं. प्रदर्शन भरवणाऱ्यांना मी सगळं लिहून कळवलं. फोटो उतरवला गेला. भाषण मात्र परत घेता येत नाही. ते ऐकलेली काही मुलं माझ्याच वर्गात आहेत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.