बोट फिरव आणि सांग

“बोट फिरव आणि सांग,” एवढंच ते म्हणायचे, आणि समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी निमूट शर्टाची बाही वर सरकवायचा.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून, दोन इमारतींच्या मधल्या फटीत त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर बोर्ड नव्हता. जुन्या मोटारींच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर लोखंडी भाग असतो, ते डिफरन्शियल. मिस्त्री फक्त त्याचंच काम करायचे. त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. मोठं ते क्राऊन, छोटं ते पिनियन. दोघांचे दात एकमेकांत नीट बसले तर गाडी गुमान चालते, नाहीतर रडते. माझी रडत होती.

माझी म्हणजे वडिलांची. पद्मिनी. लालबागची खोली सोडून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो तेव्हा सामानाच्या टेम्पोमागून वडिलांनी ती स्वतः चालवत आणली होती. ते गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. रिटायर झाल्यावर मी ती बाहेर काढली. चाळीसच्या पुढे गेली की मागून असं कण्हणं सुरू व्हायचं की बिल्डिंगमधली माणसं गाडी दिसायच्या आधीच म्हणायची, “आले बघा.” मला ती वडिलांच्या वेळेसारखी, आवाज न करता चाललेली हवी होती. एवढाच हट्ट होता.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझं डिफरन्शियल उघडलं, चिंधीने क्राऊन पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं.

“बोट फिरव आणि सांग. काय लागतं?”

“गुळगुळीत आहे,” मी म्हणालो.

“सरकारी नोकरीत होतास काय रे साहेब?”

“हो.”

“तरीच. जन्मभर न बघता सह्या ठोकल्यास. दाताच्या बुडाशी फिरव.”

बुडाशी खरंच बारीक बारीक खड्डे लागले, देवी येऊन गेलेल्या माणसाच्या गालावर असतात तसे. शेडमध्ये आणखी दोघं भंगारवाले बसले होते, ते हसले. मी साठीचा माणूस, लाजेने कानापर्यंत लाल झालो.

“थकलेय ही जोडी,” मिस्त्री म्हणाले. “दुसरी आण. जुनी चालेल, पण जोडी आण. क्राऊन एकाचं नि पिनियन दुसऱ्याचं आणलंस तर दोन दिवसांत भांडून मरतील. आणि ऐक, माझ्याकडे दाखवायला आणलेलं नापास झालं की मी फोडतो. कबूल असेल तरच रिक्षातून उतरवायचं.”

हा त्यांचा नेम अख्ख्या मीरा-भाईंदरला ठाऊक होता. नापास जोडीचं क्राऊन ते ऐरणीवर घ्यायचे, एका दाताच्या टोकावर छिन्नी धरायचे आणि घणाचा एकच घाव. दात उडाला की ती जोडी जगात कुणाच्याच कामाची राहायची नाही. पैसे तुमचे, वस्तू तुमची, घाव त्यांचा. कारण विचारलं तर सांगायचे, “एकदा न फोडता भंगारात टाकली होती. सहा महिन्यांनी तीच घासूनपुसून, नवीन म्हणून मलाच विकायला आणली भडव्याने.” यावर ते स्वतःच खो खो हसायचे. पण म्हणूनच त्यांच्या शब्दाला किंमत होती. ‘मिस्त्रींनी पास केलंय’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

आता त्यांचं रूप सांगतो. महाडकडचा किडकिडीत माणूस, सत्तरीच्या आसपास. वेल्डिंगने जवळचं दिसणं कधीच गेलेलं, चष्मा नाडीने मानेला बांधलेला, आणि तो चष्माही बहुतेक वेळ छातीवरच. “डोळे फसतात. बोट फसत नाय,” असं म्हणून ते उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. त्या बोटाची ख्याती होती. आणि एक गोष्ट होती, ती पाहून आम्ही सगळेच हसायचो. त्यांचा खालचा ओठ कायम लालसर असायचा. पान नाही, तंबाखू नाही, तरी लाल.

तो रंग शेंदराचा होता, एवढं आम्हाला कळत होतं. केबिन रोडवरच्या पूजेच्या दुकानातून ते शेंदूर आणायचे, तेलात कालवून क्राऊनच्या दातांना फासायचे आणि पिनियन फिरवायचे. जिथे दात दाताला घासतो तिथला शेंदूर पुसला जातो. तो ठसा दाताच्या मधोमध उठला तर जोडी बरोबर. “मारुतीला नि क्राऊनला एकच चालतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेंदूर हाताला लागतो, हात तोंडाला लागतो, असा आमचा साधा हिशेब. माझा मित्र जिग्नेश, ज्याच्याकडे अशाच दोन जुन्या मोटारी होत्या, त्याने मिस्त्रींचं नावच ‘लिपस्टिकवाले काका’ ठेवलं होतं. आमच्या जुन्या मोटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते लोकप्रिय झालं. मीही वापरायचो.

मी दोन जोड्या नेल्या. पहिली कुर्ल्याहून, दुसरी भिवंडीहून. दोन्ही वेळा तीच रीत. ते माझं बोट फिरवून घ्यायचे, माझी चामडी सोलायचे, मग म्हणायचे, “ठेवून जा. उद्या ये.” दुसऱ्या दिवशी गेलं की निकाल तयार. “नापास.” आणि घाव. दुसऱ्या वेळी बायको बरोबर होती. तिच्यासमोर म्हणाले, “वहिनी, यांना भाजी आणायला पाठवता काय हो? सडकीच आणत असतील.” बायको हसली. घरी येईपर्यंत हसत होती. मला आजही वाटतं की ती हसली नसती तर पुढचं घडलं नसतं. पण हे मी स्वतःला सोडवून घेण्यासाठी म्हणतोय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

जिग्नेशच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. “यार, तूने नोटिस किया? पहले वो खुद उँगली फिराता था. दो साल से हमसे फिरवाता है,” तो म्हणाला. “नाटक है सब. बुड्ढे को कुछ समझता नहीं अब. एक बार झूठ बोल के देख.”

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं.

तिसरी जोडी जिग्नेशनेच शोधली. वसईच्या एका डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच चाललेली आणि पुढे वर्षानुवर्षं गॅरेजात उभी. बोरिवलीच्या एका मिस्त्रीकडून आम्ही ती गुपचूप तपासून घेतली. तो म्हणाला, “अशी जोडी पुन्हा मिळायची नाही, डोळे मिटून बसवा.” ती बसवली असती तर माझं काम त्याच दिवशी झालं होतं. पण आम्ही तिला जुनं ग्रीस फासलं आणि रिक्षात घालून खारीला नेली. ठरलं असं होतं: मी खोटं सांगायचं, ते काय म्हणतात बघायचं, आणि घण उचलला की मी थांबवायचं.

त्या सकाळी शेडमध्ये गर्दी होती. तेच दोघे भंगारवाले, आणि एक टेम्पोवाला. मिस्त्रींनी क्राऊन पुसलं, शेंदूर लावला, पिनियन फिरवलं. चष्मा चढवून क्राऊन लांब धरलं, मग जवळ धरलं.

“बोट फिरव आणि सांग.”

मी फिरवलं. काचेसारखा दात होता. नखालाही काही लागत नव्हतं.

“बुडाशी खड्डे आहेत,” मी म्हणालो.

ते थांबले. “ठसा तर बरा वाटतोय. मधोमध उठलाय. नीट बघ.”

मी पुन्हा बोट फिरवलं. “आहेत, मिस्त्री. चांगले लागतायत.”

“ठेवून जा. उद्या सांगतो.”

जिग्नेश पुढे झाला. मोबाइल त्याच्या हातात होता आणि त्यावर शूटिंग चालू आहे हे मला माहीत होतं. “नहीं काका, आज ही बोलो. गाडी खोल के रखी है. आपको तो एक सेकंद में पता चलता है ना?”

मिस्त्रींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा भंगारवाल्यांकडे. सगळे वाट बघत होते. त्यांनी आपलं ते प्रसिद्ध बोट दातावर टेकवलं, सावकाश बुडापर्यंत नेलं. मग माझ्याकडे तोंड केलं.

“नक्की ना रे?” ते म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत.

“नक्की.”

“नापास,” मिस्त्री म्हणाले आणि क्राऊन ऐरणीवर घेतलं. छिन्नी धरली, घण उचलला.

थांबवायला वेळ होता. घण वर गेला तेव्हा होता, वर जाऊन क्षणभर स्थिर झाला तेव्हाही होता. माझं तोंड उघडलं नाही. मला भीती वाटली नव्हती, धक्काही बसला नव्हता. मला ते बघायचं होतं. माझ्या बायकोसमोर मला सडकी भाजी आणणारा म्हणणारा माणूस पुरता चुकलेला मला बघायचा होता, आणि त्यासाठी वडिलांच्या गाडीसाठी मिळालेली जोडी गेली तरी चालणार होती.

दात उडून माझ्या चपलेपाशी पडला.

“काका,” जिग्नेश हसत म्हणाला, “वो तो एकदम फर्स्ट क्लास था! बोरीवली में चेक करवाया था!”

आधी कुणाला समजलं नाही. मग टेम्पोवाला हसला, मग भंगारवाले. भंगारवाल्यांचं हसणं जास्त वेळ चाललं. इतकी वर्षं त्यांचा माल या माणसाने फोडला होता.

मिस्त्री वाकले, चाचपडत जमिनीवरून तो दात उचलला, चिंधीने पुसला. आणि मग सगळ्यांसमोर त्यांनी तो खालच्या ओठाला लावला. हळूहळू, टोकापासून बुडापर्यंत, ओठावरून फिरवला. हसणं आपोआप थांबलं.

“गुळगुळीत हाय,” ते म्हणाले.

माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. ‘उद्या ये’ म्हणजे काय, ते. लोक गेले, शटर अर्धं खाली आलं, की हा माणूस एकटा बसून एकेक दात ओठाला लावून बघत असणार. चारचौघांत ओठ लावायची लाज, म्हणून आमची बोटं.

“शुगर हाय मला,” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. “दोन वर्षं झाली, हे बोट मेलंय. सुई टोचली तरी कळत नाय.” त्यांनी ते बोट माझ्यासमोर धरलं. “माझं मेलं होतं. तुझं तर जिवंत होतं ना?”

 माफी मागण्याइतका चांगला मी त्या वेळी नव्हतो. जिग्नेशने माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. तुटलेलं क्राऊन आणि त्याचं धड पिनियन तिथेच राहिलं.

दुपारपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर होता. त्यात घण पडताना दिसतो आणि जिग्नेशचं हसणं ऐकू येतं. ओठाचा भाग त्याने कापून टाकला होता, लांबतो म्हणून. तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर, तिसऱ्या ग्रुपवर. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत एक माझाही आहे. मी ग्रुप सोडलाय, पण तो तिथे असणारच.

शेडमध्ये कुणी येईनासं झालं. भंगारवाले तर सरळ सांगत सुटले, “म्हाताऱ्याला दाखवायची गरज नाही, त्याला चांगलं-वाईट कळत नाही.” महिन्याभरात शटर पडलं ते उघडलंच नाही.

माझं मूळ डिफरन्शियल त्यांच्याकडेच अडकलं होतं. ते आणायला म्हणून मी खारीत त्यांच्या घरी गेलो. खरं म्हणजे आता माफी मागायची होती. दारात त्यांची बायको आली. “झोपलेत,” ती म्हणाली. तिच्या मागे कॉटवर मिस्त्री भिंतीला टेकून बसलेले दिसत होते. चष्मा छातीवर. ते माझ्याकडेच बघत होते की नुसतेच बघत होते, सांगता येणार नाही.

“तुमचं सामान बांधून ठेवलंय,” तिने कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवलं. “त्या दिवसानंतर चार दिवस बसून केलं. म्हणाले, त्याची वस्तू त्याला देऊन टाक. पैसे घेऊ नको.”

पुढच्या वेळी गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, महाडला मुलीकडे गेले. फोन नंबर कुणाकडे नव्हता, किंवा मला द्यायचा नव्हता.

गोणी मी घरी येऊन उघडली होती. आत माझीच ती थकलेली जोडी. स्वच्छ धुतलेली, नव्या बेअरिंगवर बसवलेली. क्राऊनच्या प्रत्येक दातावर शेंदूर होता आणि प्रत्येक दातावर ठसा मधोमध उठला होता. आणि ठशाच्या खाली, बुडाशी, प्रत्येक दातावर शेंदूर आणखी एका जागी पुसला गेला होता. रुंद, मऊ पुसलेला. तिथे पिनियनचा दात पोचत नाही. मी सगळे दात बघितले. एकही सुटला नव्हता.

गाडी आता पूर्वीइतकी रडत नाही. चाळीसच्या पुढे मागून बारीक गुणगुणते, एवढंच. जिग्नेश अधूनमधून फोन करतो. जोधपूरकडे एक जोडी आहे म्हणतो, चांगली दिसतेय, मागवू का?

मी त्याला विचारतो, तपासणार कोण?