कॉइलओव्हर, अप्पांची पाठ आणि यल्लापूरचा रस्ता

अप्पांना यल्लापूरला जायचं होतं आणि मला गाडीला कॉइलओव्हर बसवायचे होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी घरात पटवून दिलं आणि आमचा प्रवास ठरला.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी, गणिताचे निवृत्त मास्तर. नोकरीची पहिली अकरा वर्षं त्यांनी यल्लापुरात काढली. तिथल्या शाळेतले त्यांचे जोडीदार हेगडे मास्तर आता अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्या सुनेचा फोन आला, "यायचं असेल तर आता या." अप्पांच्या मणक्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. हुबळीतल्या हुबळीत दाजीबानपेठेत रिक्षाने जाऊन आले तरी दुसरा दिवस झोपून काढतात. हुबळीहून यल्लापूर सत्तर किलोमीटर.

"नवीन सस्पेन्शन बसवलं की धक्के लागणार नाहीत," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. जुने शॉक अॅब्सॉर्बर बाद झाले होते, पण कंपनीचे साधे नवे बसवले असते तरी चाललं असतं. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉक एकाच आटे पाडलेल्या नळीवर असतात. रिंगा फिरवून गाडीची उंची बदलता येते, वरच्या नॉबने चाल मऊ किंवा कडक करता येते. तीन वर्षं मी त्यांचे व्हिडिओ बघत होतो. गाडी जरा खाली बसलेली मला देखणी वाटते, एवढंच खरं कारण. (तुम्ही करणार असाल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. मी विचारलं, त्यात दोन आठवडे गेले.)

रविवारी सकाळी घराच्या पोर्चमध्ये काम काढलं. जुने शॉक उतरवायला दुपार झाली, एक बोल्ट गंजून बसला होता. नवे चढवताना चाकाला धरणारे खालचे आर्मही सैल करावे लागले. तीन वाजता आई दारात आली.

"साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत गाडी बाहेर काढून लिंबं चिरडून घे. नवीन सामान आहे."

"आई, मी हे मानत नाही."

"तू नको मानू. लिंबं मी मानते."

मी घाई केली. चारही चाकं हवेत असतानाच सगळे बोल्ट घट्ट केले, चार वीसला गाडी जमिनीवर घेतली आणि लिंबांवरून बाहेर काढली. आईच्या चेहऱ्यावर समाधान होतं, माझ्याही. गाडी तीस मिलिमीटर खाली, काय दिसत होती!

मधल्या आठवड्यात अमरगोळच्या बाजार आवारापर्यंत चाचणी घेतली. गतिरोधकावर मागून कुरकुर यायची आणि मग एक कडक ठोका. मला वाटलं नॉब कडक आहे. तो सहा घरं मऊ केला, तर गाडी होडीसारखी डुलायला लागली आणि ठोका तसाच. म्हणून पुन्हा कडक. वरचे नट तपासले, रिंगा तपासल्या, सगळं घट्ट. शेवटी "नवीन आहे, बसेल हळूहळू" अशी मी स्वतःची समजूत घातली. तपासण्यात मी कुचराई केली नव्हती, पण शनिवारी निघायचंच हे आधी ठरवून टाकलं होतं आणि तपासणीला त्या हिशोबाने उत्तर द्यायला लावलं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. आई गुडघ्यांमुळे घरीच राहिली. मागच्या सीटवर अप्पा, कमरेला पट्टा, पाठीशी उशी. डिसेंबरचं धुकं होतं. कलघटगीपर्यंत रस्ता बरा आहे, पण प्रत्येक गावाला दोन गतिरोधक, त्यातला एक बिनरंगाचा. लवकर निघा, नऊनंतर किनाऱ्यावरच्या बंदराकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग लागते.

पहिल्या दहा किलोमीटरात अप्पा हेगडे मास्तरांच्या गोष्टी सांगत होते. पुढच्या दहात गप्प झाले. आरशात बघितलं तर डोळे मिटलेले, हात सीटच्या कडेला घट्ट.

"दुखतंय?"

"रस्ता बघ."

कलघटगीत नाश्त्याला थांबलो. इडली-वडा आणि चहा, दोघांचा मिळून दीडशेच्या आत, सांबार उत्तम. पण अप्पांना गाडीतून उतरताच येईना. ताट मी गाडीत नेऊन दिलं. मला लाज वाटली.

"अप्पा, परत फिरू या."

"फिर. जाताना मला बस स्टँडवर सोड."

"बसने जाणार तुम्ही?"

"हेगडे माझ्यासाठी थांबलाय. तुझ्या गाडीसाठी नाही."

हॉटेलवाल्याने आमचं ऐकलं असावं. "समोर बसण्णा आहे बघा," तो म्हणाला. "ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण कान चांगला आहे त्याचा."

बसण्णा साठीचा, कपाळावर विभूती, शर्टाला ऑइल. कन्नडमध्येच सगळं बोलणं झालं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, वाकून निळ्या स्प्रिंगा बघितल्या आणि हसायला लागला.

"काय री सर, पैसे देऊन गाडी खाली केलीत? आमच्याकडे लोक वर करून द्या म्हणून भांडतात."

मी नॉबबद्दल, रिंगांबद्दल सांगायला लागलो. तो ऐकत नव्हता. मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. कुर्र. पुन्हा दाबला. कुर्र.

"खालचे बोल्ट कधी आवळलेत? गाडी जमिनीवर होती की हवेत?"

"हवेत."

"मग? रबराला काय माहीत गाडी खाली येणार आहे?"

आर्मच्या आणि शॉकच्या टोकाला लोखंडी कड्यात रबराचा बुश असतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की बुश त्याच जागी पकडला जातो. मग गाडी खाली बसते तेव्हा तो पिळलेलाच राहतो, प्रत्येक खड्ड्यात विरोध करतो. हे मी वाचलेलं होतं! "शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर." त्या रविवारी मला ते आठवलंही होतं. आईच्या राहुकाळावर ढकलणं सोपं आहे, पण "अजून अर्धा तास दे" असं मी तिला म्हणालोच नाही. मानत नाही म्हणणारा मीच घड्याळ बघत होतो.

बसण्णाने गाडी त्याच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरला. बोल्ट सैल केले, मला बंपर दाबून गाडी चार वेळा हलवायला लावली. मी अप्पांना खुर्ची आणायला निघालो, तर खालून आवाज आला, "अज्जांना उतरवू नका. त्यांच्या जागी दगड भरून जाणार आहात का? जे बसणार त्यांच्या वजनावर आवळतो."

बंपर हलवून झाल्यावर मीही ड्रायव्हरच्या जागी बसलो. अप्पांच्या बरोबर खाली बसण्णा होता.

"अज्जा, हलू नका."

"बरं. कितवीपर्यंत शिकलास?"

"सातवी."

"एकोणीसचा पाढा म्हण."

खालून पान्याचा खटखटाट आणि त्यात पाढा, "हत्तोंबत्त ओंदले हत्तोंबत्तु, हत्तोंबत्त येरडले मूवत्तेंटु..." सातावर आवाज थांबला.

"काय झालं?" अप्पा.

"बोल्ट आडवा आहे, मास्तर."

"बोल्टावर ढकलू नकोस. एकशे तेहतीस."

चाळीस मिनिटांत काम झालं. नॉब त्याने मधोमध ठेवायला सांगितला, आणि "पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघा, घाई नसेल तेव्हा." मागितले तीनशे. मी जास्त देऊ केले तर म्हणाला, "पाढा शिकवला ना मास्तरांनी, फिटलं."

पहिल्या गतिरोधकावर मी आवाजाकडे कान लावला. गाडी चढली, उतरली, कुरकुर नाही, ठोका नाही. जंगल सुरू झालं तेव्हा आरशात बघितलं, काच खाली करून ते सागाची झाडं बघत होते. यल्लापूरच्या अलीकडे म्हणाले, "इथे वळणावर हेगडेची सायकल पंक्चर व्हायची. दर सोमवारी."

हेगडे मास्तरांचं घर सुपारीच्या बागेत, शेवटचा अर्धा किलोमीटर मातीचा. तिथे गाडीचं पोट दोनदा घासलं. तीस मिलिमीटरची किंमत. सुनेने गरम कषाय, म्हणजे मसाल्याचा काढा, आणि तोडदेवू दिले, तो कागदासारखा पातळ, उसाच्या रसाचा पदार्थ. अप्पा पलंगाशेजारच्या खुर्चीवर तीन तास बसले. एकदा हेगडे मास्तरांनी विचारलं, "कसा आलास?" अप्पा म्हणाले, "मुलाने माझ्या पाठीसाठी गाडीला नवीन स्प्रिंगा बसवल्या. मुद्दाम." हेगडे मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरला. मी तो सोडवून घेऊ शकलो नाही आणि खरं सांगूही शकलो नाही.

रात्री गावातल्या लॉजवर राहिलो, खोली साधी आणि स्वच्छ. रविवारी सकाळी पुन्हा तासभर त्यांच्याकडे जाऊन परत निघालो आणि दुपारी हुबळीत पोचलो. अप्पा स्वतः उतरले, पायऱ्या चढले. सोमवारी मी व्हील अलाइनमेंट करून घेतली. उंची बदलली की ते टाळू नका, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. पुढच्या रविवारी गाडी बोटभर वर घेतली. ती आता तेवढी देखणी दिसत नाही.

त्या संध्याकाळी अप्पांना सांगून टाकलं. "ते सस्पेन्शन मी तुमच्यासाठी नव्हतं बसवलं. हौस होती माझी."

"माहीत आहे," अप्पा म्हणाले. "माझ्यासाठी असतं तर निळ्या रंगाचं आणलं नसतंस."

"मग हेगडे मास्तरांना तसं का सांगितलंत?"

"त्याचा मुलगा अमेरिकेत आहे. त्याला ऐकायला बरं वाटलं. मलाही सांगायला बरं वाटलं." मग म्हणाले, "आता तू ते खोडत बसू नकोस."

त्या दोघांच्या तीन तासांबद्दल मी बसण्णाचा, हॉटेलवाल्याचा, अप्पांच्या हट्टाचा ऋणी आहे. हेगडे मास्तरांनी धरलेल्या हाताचं काय करायचं ते मात्र अजून कळलेलं नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून खरं काय ते निदान इथे लिहिलं.