फाट्यावर थांबलेली गाडी
पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याचा वास आला की मला ढोकीचा तो गॅरेजवाला आठवतो. तेव्हा मी एक जुनी कार घेऊन रोज शाळेत शिकवायला जायचे. गाडी पळायला झकास, पण थांबवली की बंद पडायची आणि मग लवकर सुरूच व्हायची नाही. त्यामुळं आमच्या फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या कुणासाठीही मी थांबत नसे. नुसता हात करून पुढं जायचे. आमच्याकडं असलं वागणं कुणी विसरत नाही. शेजारच्या मावशीनं तर गावभर सांगितलं होतं, "गाडी घेतल्यापासनं बाईला लई माज आलाय." शेवटी एक दिवस मी गाडी ढोकीला नेली. गॅरेजवाल्यानं इंजिन सुरू करून जरा वेळ ऐकलं, हवेचा पाईप काढला आणि आतली काजळी दाखवत म्हणाला, "मॅडम, ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की हिला एवढ्याशा फटीतनं हवा मिळती. तीच बुजलीय. बाकी इंजिन चांगलंय." पेट्रोलचं फडकं पार काळं होईपर्यंत त्यानं ती फट पुसली. परतताना फाट्यावर नेमकी मावशीच उभी होती, डोक्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा घेऊन. मी जीव मुठीत धरून ब्रेक दाबला. इंजिन चालूच राहिलं. "उतरला व्हय माज?" म्हणत ती आत बसली आणि मूठभर डहाळे माझ्या मांडीवर टाकले. मी काजळीचं सांगू लागले, पण तिला ते आजतागायत पटलेलं नाही. ती अजूनही छातीठोकपणे सांगते की त्या दिवशी ढोकीला गाडी न्हाय, बाईच दुरुस्त झाली.