हात तेवढा चालला

"हात दे गं," मेकअप दादा म्हणाला. मी दिला. वाटलं, बांगड्या घालणार असेल.

त्याने मनगट धरून माझा हात उचलला आणि खुर्चीत बसलेल्या मॉडेलच्या गालाशेजारी धरला. ती गोरीपान. त्याने एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा तिच्या तोंडाकडे. मग मदतनीसाला म्हणाला, "हाच शेड. असाच काळा पाहिजे." आणि तिच्या तोंडाला तपकिरी रंग फासायला घेतला. मधेच माझा हात परत ओढायचा, ताडून बघायचा. ती मोबाइल बघत होती. मी हात लांब करून उभी. खांद्यात कळ आली तरी खाली घेतला नाही.

मी कोळ्याची पोर. अंधेरीच्या बाजूच्या कोळीवाड्यात वाढले. आई आजही बाजारात मासळी विकते. गोरेगावच्या स्टुडिओत मच्छी मसाल्याची जाहिरात होती, त्यासाठी एक माणूस आमच्या गल्लीत आला. "खऱ्या कोळणी पाहिजेत," म्हणाला. मला बघून म्हणाला, "तू चालशील. क्लोजअप पण मिळेल." झालं. सगळ्या कोळीवाड्याला सांगून झालं. आईने स्वतःचं लुगडं नेसवलं, गळ्यातलं सोनं काढून माझ्या गळ्यात घातलं. आमच्यात बाई मासळी विकायलासुद्धा सोन्याशिवाय आणि वेणीशिवाय बसत नाही. मग कॅमेऱ्यासमोर तशीच कशी जाणार?

आणि मी काय केलं? आठवडाभर तोंडाला ब्लीच लावलं. जाहिरातीत काळी बाई मी एकच बघितली होती, क्रीम लावायच्या आधीची. म्हटलं, क्लोजअपमध्ये जरा तरी उजळ दिसू दे. आग आग व्हायची. तरी लावायचे.

सेटवर गेल्या गेल्या तिथल्या मॅडमने माझी हनुवटी वर केली. "चेहऱ्याला काय केलंयस? पॅची दिसतोय. हिला मागे उभी करा, पाठमोरी. आणि ते सोनं उतरव. कोळीण गरीब दिसायला पाहिजे ना."

मी उतरवलं. आईने मिरवत घातलेलं सोनं मी माझ्या हाताने रुमालात बांधलं. एरवी मी गल्लीत कुणाचं ऐकून घेत नाही. तिथे ऐकून घेतलं. हात मात्र त्यांना चालला. हाताला मी ब्लीच लावलं नव्हतं.

दुपारी लाइटखाली मॉडेलचा रंग ओघळला. मी जेवत होते. "ए कोळीण, हात," दादाने हाक मारली. ताटावरून उठले, हात धुतला, गेले. थोड्या वेळाने परत हाक. या वेळी हात पाठीमागे घेतला.

"नाही देणार."

"अगं, हातच तर मागतोय," तो म्हणाला. रागावलासुद्धा नाही. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. त्याने माझ्यासोबत आलेल्या आमच्या शेजारच्या मावशीला बोलावलं. मावशीने हात दिला. माझ्या नकाराने तिथे काही अडलं नाही.

आता ते होर्डिंग बाजाराच्या तोंडाशी लागलंय. आई त्याच्याखालीच पाटी घेऊन बसते.

"यात तू कुठं हाय गो?" तिने विचारलं. मी मागची धूसर पाठ दाखवली. तिने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग म्हणाली, "लुगडं माझंच हाय."

परवा धाकटी बहीण सोनल माझं उरलेलं ब्लीच घेऊन आरशासमोर उभी. दहावीत आहे. "ताई, मला त्या होर्डिंगवरच्या कोळणीसारखं चकचकीत दिसायचंय."

"ती आपल्यासारखी दिसायला रंग फासून बसली होती," मी म्हणाले.

"मग तुलाच का नाय घेतलं?"

मी ट्यूब हिसकावून घेतली, पण उद्या ती दुसरी आणेल हे मला माहीत आहे. होर्डिंग काही मला उतरवता येत नाही.

मी तिला आरशासमोर धरून ठेवलं आणि माझा हात तिच्या गालाशेजारी धरला. एकच रंग. तिने माझा हात झटकला.

झटकू दे. उद्या परत धरणार. परवा परत. हा हात आता दुसऱ्या कुणाच्या गालाशेजारी जाणार नाही.