जांभूळबाई

जूनमध्ये आमच्या बाईंची बोटं कायम जांभळी असायची. देवरीच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टीतही जांभळं, आवळे, सालं कुटत बसायच्या. मुलांनी त्यांचं नाव जांभूळबाई पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. हाक मारली की त्या ओ द्यायच्या.

काचेच्या नळीतल्या एका रसायनाच्या गडद जांभळ्या द्रावणात आवळ्याचा अर्क टाकला की रंग उतरून पिवळा व्हायचा. म्हणजे अर्कात अँटिऑक्सिडंट आहे. ते पाहून मी प्रकल्पाच्या वहीत ऐटीत लिहिलं, ‘आवळा स्मृतिभ्रंश रोखतो.’ बाईंनी ओळीवर लाल रेघ ओढली.

“कोनाच्या डोक्यात पाहून आली तू? हे नळीतलं आहे. माणसाचं माहीत नाही, असं लिही.”

“पण बाई, तुम्ही रोज आवळा खाता!”

“मले आवडते म्हणून खातो. तू काऊन पुरावा समजून राहिली?”

पुढे मी गोंदियात औषधाच्या दुकानात लागले. बाई निवृत्त होऊन चिचगडला गेल्या. मग कळलं की त्या विसरायला लागल्या आहेत. आधी चष्मा, मग भाजीतलं मीठ, मग घराची वाट.

भेटायला गेले तेव्हा काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एक बाटली पुढे केली. जंगली वनस्पतींचा अर्क, स्मरणशक्ती परत आणणारा. ती आणल्यापासून नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या.

“तिनं जनमभर हेच केलं ना? मग यानंच बरी होईल. तू तिची विद्यार्थिनी, तू सांग.”

मी गोंधळले. गोळ्यांनीही आजार जात नाही, हे मला माहीत होतं. बाटली खोटीच आहे, असंही छातीठोक सांगता येईना. त्यात त्या माणसाची सारी आशा होती. शेवटी म्हटलं, “काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद नका करू. या बाटलीचं मला खरंच माहीत नाही.”

काकांनी बाटली बाजूला ठेवली. मग उठून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाटलीचं मात्र त्यांनी काय केलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी बरोबर वागले की नाही, हे अजून मला कळत नाही.

निघताना बाई काकांचा हात धरून स्टँडपर्यंत आल्या.

“तू कोन वं?”

“तुमची विद्यार्थिनी, बाई.”

“चांगली शिकवत होती काय मी?”

“खूप चांगलं शिकवत होता.”

त्या लाजून हसल्या. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. एसटी आली तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी मला शब्द फुटेना.

बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“राहू दे, बाई. नाही आठवत तर नाही आठवत. घाबरू नको.”